धंदा आपल्याला मानवेल का?

(महासंघाच्या पुणे येथील मेळाव्यात केलेले भाषण. ज्या ताईंना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावे म्हणून, बोलले तसेच छापले आहे.)



मुळशी, भोर, वेल्हे, पुरंदर, खेड, जुन्नर, कुठून कुठून आलात तुम्ही. कुणी पहाटेची एसटी धरली, कुणी दोन्ही वेळचा स्वयंपाक आटपून निघालात. तेव्हा तुमचा वेळ न दवडता सरळ विषयाला हात घालते.

गटांच्या बैठकांना गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोणता धंदा करू?" पापड करू का मसाला? शिलाई मशीन घेऊ का शेळ्या? मी उलट विचारते, "धंदाच करायचा, हे कशावरून ठरवलंत?" मग उत्तरं येतात. "बँकेचं कर्ज मंजूर झालंय." "शेजारच्या गटानं केलाय." "मिटिंगला साहेब म्हणाले, प्रत्येक गटानं काहीतरी उद्योग उभा केलाच पाहिजे."

बघा, यातलं एकही उत्तर त्या बाईचं स्वतःचं नाही. एक बँकेचं, एक शेजारणीचं, एक साहेबांचं. पण कर्जाचा हप्ता मात्र तिचा एकटीचा असतो. म्हणून आज मी "कोणता धंदा" यावर बोलणार नाही. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, तो म्हणजे धंदा मला मानवेल का? भात सगळेच खातात, पण एखाद्याला तो मानवत नाही. त्यात त्या माणसाचा कमीपणा नसतो. धंद्याचंही तसंच आहे.

शिक्षण नाही, मग जमेल का?

पहिली भीती हीच असते, म्हणून आधी ती बाजूला काढू. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला बायकांची माणदेशी बँक आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ती १९९७ मध्ये सुरू झाली. पण आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बऱ्याच बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय सांगतो, तुमच्या लोकांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला.

यातून आपण काय घ्यायचं? शाळा किती झाली यावर धंदा अडत नाही. हिशेब डोक्यात पक्का आहे का, यावर अडतो. आणि आठवड्याच्या बाजाराचा हिशेब तुमच्यातल्या प्रत्येकीच्या डोक्यात असतोच. तेव्हा शिक्षणाची भीती सोडा. ज्या गोष्टींची खरोखर काळजी करायला हवी, त्या आता सांगते. पाच प्रश्न आहेत. प्रत्येकीने मनातल्या मनात उत्तर द्यायचं. इथे हात वर करायचा नाही.

प्रश्न पहिला: मला पैसे मागता येतात का?

पापड लाटता येतो का, हे मी विचारत नाही. तो तर येतोच. पण गावातल्या ओळखीच्या बाईने दोन पाकिटं नेली आणि म्हणाली, "देते की पुढच्या आठवड्यात", तर पुढच्या आठवड्यात तिच्या दारात जाऊन पैसे मागता येतात का? नणंदेने नेलं तर? सरपंचांच्या घरून मागणी आली तर? आपल्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. ते धंद्याइतकं दुसरीकडे कुठेच खरं होत नाही.

उधारीने काय होतं, हे मुंबईच्या खानावळवाल्या बायकांना विचारायला हवं होतं. गिरणगावात त्या गिरणी कामगारांना जेवण करून घालायच्या. कामगार पैसे देणार महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर या वाण्याकडून उधारीवर धान्य आणायच्या, भारी व्याज द्यायच्या, गळ्यातलं गहाण टाकायच्या. दिवसभर चुलीपुढे राबून कमाई गेली वाण्याच्या आणि सावकाराच्या घरात. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. तेव्हा कुठे ती साखळी तुटली. पुढे त्यांच्या कन्या मेधाताई सामंत यांनी १९९३ पासून इथे पुण्यात तसंच काम सुरू केलं, भाजी विकणाऱ्या बायकांना छोटी छोटी कर्जं देऊन.

त्या खानावळवाल्यांच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक रोजचं होतं, कष्ट तर विचारूच नका. तरीही हातात काही उरत नव्हतं, कारण पैसा उशिरा येत होता आणि आधीच जात होता. म्हणून पहिला प्रश्न हा. मागायची लाज वाटत असेल तर दोनच मार्ग आहेत. एक तर लाज सोडायची, नाही तर विकण्याचं काम जिला जमतं तिच्याकडे द्यायचं.

प्रश्न दुसरा: माझ्याकडे दिवसाचे किती तास आहेत?

उद्या घरी गेल्यावर कागदावर लिहा. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करता? पाणी, झाडलोट, गुरं, डबे, शेत, म्हाताऱ्या माणसांची औषधं, पोरांचा अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक. यात मोकळे तास किती? आणि धंद्याचे चार तास यातून कुठून काढणार?

बहुतेक वेळा उत्तर काय निघतं, तर झोपेतून. चार महिने बाई पाच तास झोपते, मग आजारी पडते आणि धंदा बंद होतो. मग लोक म्हणतात, "हिला जमलं नाही." जमलं नाही असं नाही, बायांनो. तिच्या वाटणीचं घरकाम कुणी उचललंच नाही.

म्हणून धंद्याआधी घरात बोलायचं. गोडीत, पण स्पष्ट. "मी आठवड्यातून दोन दिवस पुण्याला माल घेऊन जाणार. त्या दिवशी धारा कोण काढणार? भाकरी कोण टाकणार?" "बघू" हे उत्तर धरायचं नाही. नाव ठरलं पाहिजे. सासूबाईंनी, नवऱ्याने किंवा मोठ्या पोराने एकेक काम अंगावर घेतलं, तर समजा निम्मा धंदा उभा राहिला.

प्रश्न तिसरा: किती रुपये बुडाले तरी घर हलणार नाही?

हा प्रश्न कुणाला आवडत नाही. शुभ बोलावं असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण आकडा काढाच. पाचशे? दोन हजार? दहा हजार? पोरीची फी, औषधपाणी, बी-बियाणं बाजूला ठेवून, जे गेलं तरी दागिना मोडावा लागणार नाही, तो तुमचा आकडा. सुरुवात त्या आकड्याच्या आत करायची. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, तेच. फक्त अंथरूण मोजून कागदावर लिहायचं.

आणि एक लक्षात ठेवा. बँकेचं कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर नसतं, ते गटाच्या नावावर असतं. एकीचा हप्ता थकला की गटाचं खातं थकतं. मग पुढच्या कर्जाची वाट अडते, आणि तिचा हप्ता बाकीच्या नऊ जणींना बचतीतून भरावा लागतो. पैसे जातात ते जातातच, पण दहा वर्षांचं बोलणं बंद होतं. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

प्रश्न चौथा: धंदा नक्की कुणाचा?

हे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची, बैठकीला हजर बाई. आणि पैसे गेले नवऱ्याच्या टेम्पोत किंवा दिराच्या हॉटेलात. नवऱ्याचा धंदा करू नये असं मी म्हणत नाही. घरचा धंदा असेल तर जरूर करा. पण मग रोज रात्री गल्ला कोण मोजतं? माल कधी घ्यायचा, किती घ्यायचा, हे कोण ठरवतं? हप्त्याच्या तारखेला पैसे नसतील तर गटासमोर मान खाली घालून कोण उभं राहतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "मी" असेल, तर पहिल्या दोन्हींचं उत्तरही "मी" किंवा "आम्ही दोघं" असायला हवं. तसं नसेल तर तो तुमचा धंदा नाही, तुम्ही फक्त जामीन आहात. सही करायच्या आधी हे स्वतःशी कबूल करा.

प्रश्न पाचवा: हेच काम मला तीनशे दिवस करवेल का?

डिसेंबरात इथे शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तुमच्यातल्या काहींनी स्टॉल लावले असतील, बाकीच्यांनी ऐकलं असेल. चुलीवरची भाकरी, पुरणाचे मांडे, मसाले, घोंगड्या, सगळ्याला गर्दी. संध्याकाळी गल्ला मोजताना हात थकतात. आणि घरी येताना बाई ठरवते, आता धंदा करायचाच.

जत्रा चांगलीच आहे. ओळखी होतात, चव कळते, भाव कळतो. पण जत्रेतलं गिऱ्हाईक खरेदीला म्हणूनच घराबाहेर पडलेलं असतं. ते चार-पाच दिवस. उरलेले तीनशे साठ दिवस गिऱ्हाईक आपापल्या घरी असतं आणि त्याच्या घराखाली किराणा दुकान असतं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर जो माल विकला जातो, तोच आपला धंदा.

आणि पुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. आधी चव घेणार, मग पाकीट उलटं करून तारीख वाचणार, मग भाव करणार, आणि मागच्या वेळेपेक्षा मीठ चिमूटभर जास्त पडलं तर तेही सांगणार. तोच माल, तीच चव, तेच वजन, दर आठवड्याला. हौसेने वर्षातून एकदा बरणीभर लोणचं घालणं वेगळं आणि दर मंगळवारी वीस किलो घालणं वेगळं. दुसरं आवडणार आहे का, हे विचारा.

आता थोडा हिशेब

वह्या काढा. शेंगदाण्याची चटणी घेऊ. आकडे समजा म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही पुन्हा मांडायचे.

एका आठवड्यात १० किलो चटणी केली. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरे मिळून १,७०० रुपये. २०० ग्रॅमची ५० पाकिटं, लेबलसकट पाकिटाला ४ रुपये, म्हणजे २००. गॅस आणि वीज १५०. पुण्याला जाणं-येणं आणि पिशव्यांचं भाडं १५०. एकूण खर्च २,२०० रुपये. एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे म्हणून प्रवास फुकट होत नाही. रिक्षा आहे, चहा आहे, तो सगळा लिहायचा.

पाकीट ६० रुपयांना. ५० पाकिटांचे झाले ३,०००. पुष्कळ जणी काय करतात? तीन हजारातून सामानाचे सतराशे वजा करतात आणि म्हणतात, तेराशे सुटले! नाही. बाकीचा खर्च धरला की उरले ८००. त्यात तीन पाकिटं चव बघायला आणि पाहुण्यांना गेली, दोन फुटली. पाच पाकिटं म्हणजे ३०० रुपये. राहिले ५००.

आता तास मोजा. भाजणं-कुटणं सहा तास, भरणं-चिकटवणं तीन, पुण्याला जाऊन विकणं सात. सोळा तास, म्हणजे दोन दिवसांचं काम. दिवसाला पडले २५० रुपये. तुमच्या गावात बाईची शेतमजुरी किती आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्याशी ताडून बघा.

म्हणजे धंदा करायचा नाही का? थांबा, वही मिटू नका. आता २० किलो करू. सामान ३,४००, पाकिटं ४००, गॅस-वीज ३००, प्रवास २००. एकूण ४,३००. शंभर पाकिटांतली दहा वाया गेली असं धरू. ९० पाकिटांचे ५,४००. उरले १,१००. तास किती? करणं अकरा, भरणं सहा, विकणं पुन्हा सातच, कारण पुण्याची फेरी तीच आहे. चोवीस तास, तीन दिवस. दिवसाला साधारण ३६५ रुपये.

म्हणजे माल दुप्पट झाला तर कमाई दुपटीपेक्षा जास्त झाली. पण त्याला दर आठवड्याला ९० पाकिटं घेणारं गिऱ्हाईक पाहिजे. धंदा अडतो तो इथे. म्हणून करण्याआधी विकण्याचा विचार. कुठली सोसायटी, कुठला आठवडे बाजार, कुठलं दुकान, हे लिहून काढा.

आता यात कर्ज घाला. समजा ५० हजारांचं मशीन घेतलं, वर्षाला १२ टक्के व्याज, २४ हप्ते. महिन्याला हप्ता येतो साधारण २,३५०. दहा किलोवाली बाई महिन्याला २,००० मिळवते. हप्ताच भागत नाही. वीस किलोवाली ४,४०० मिळवते, हप्ता जाऊन उरतात २,०५०. महिन्याच्या बारा दिवसांच्या कामाचे. दिवसाला १७० रुपये. मशीनने काही तास वाचतील, ते जरूर धरा. पण गिऱ्हाईक वाढलं नाही तर ते मशीन तुमच्यासाठी राबत नाही, तुम्ही मशीनच्या हप्त्यासाठी राबता.

अनुदानाचंही तसंच. २०२० मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली. तीत बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान आहे, बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांना ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे. आज काय चालू आहे, ते 'उमेद'च्या तालुका कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदानाने मशीन स्वस्त होतं, गिऱ्हाईक मिळत नाही. तोट्याचा धंदा अनुदानाने नफ्याचा होत नाही.

आठ आठवडे करून बघा

मग ठरवायचं कसं? घरात बसून विचार करून हे कळत नाही. करून बघायचं, पण छोटं. आठ आठवडे. तिसऱ्या प्रश्नात काढलेल्या आकड्याच्या आतली रक्कम घ्यायची. स्वतःची बचत किंवा गटाचं छोटं अंतर्गत कर्ज, बस्स. बँकेचं कर्ज नाही, मशीन नाही, फ्लेक्स नाही. मिक्सर घरचा, नाही तर दळण गिरणीतून.

एक वही करा. चार रकाने: काय खर्च झाला, किती आले, किती उधार राहिले, किती तास गेले. चौथा रकाना विसरायचा नाही. आपण आपले तास कधीच लिहीत नाही, म्हणून आपलं काम फुकटाचं वाटतं. घरच्यांना वाटतं, आणि आपल्यालाही वाटायला लागतं.

धंद्याची पिशवी वेगळी. डब्यातला पैसा वेगळा. पोराला वही हवी म्हणून धंद्यातून दहा रुपये काढले तरी लिहायचे. घरात नेलेलं पाकीटही लिहायचं.

खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्न नोंदणी करा. छोट्या उद्योगाच्या मूळ नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी करायची वेळ आली तर ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर आधी गटात विचारा. आणि प्रशिक्षण हवं असेल तर जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आपण आरसेटी म्हणतो. तिथे शिकणं फुकट असतं.

आणि सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, कधी थांबायचं ते. "इतके रुपये गेले की थांबेन." "आठव्या आठवड्यात दिवसाला इतके पडले नाहीत तर थांबेन." हे आधी लिहिलेलं असेल तरच पाळलं जातं. धंद्यात उतरल्यावर मन म्हणत राहतं, अजून एक महिना, दिवाळीपर्यंत, लग्नसराईपर्यंत.

उत्तरं तीन नाहीत, चार आहेत

आठ आठवड्यांनी वही गटासमोर ठेवा. उत्तर "हो" आलं तर पुढे जा, मग कर्जही घ्या, गट पाठीशी उभा राहील. "आत्ता नाही" येऊ शकतं. पोर लहान आहे, सासरे अंथरुणाला आहेत, दोन वर्षांनी बघू. ते शहाणपणाचं उत्तर आहे. "नाही" येऊ शकतं. मला नाही आवडत दारोदार विकायला, मला रात्री झोप लागत नाही. तेही सरळ उत्तर आहे. ज्या बाईने आठ आठवड्यांत आणि दीड हजारात हे ओळखलं, तिने घराचे पन्नास हजार वाचवले.

आणि चौथं उत्तर आहे, "एकटीने नाही." १९५९ साली १५ मार्चला मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण ऊन नाही तर पापड वाळणार कसे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. वर खाटेवर पापड, खाली शेगडी. मोठं मशीन नाही, खाट! अडचण एका जागी होती, तेवढ्यालाच पैसा घातला.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आज तिथे ४५ हजारांच्या आसपास बहिणी आहेत. त्या पीठ केंद्रातून नेतात, घरी पापड लाटतात, परत देतात, मजुरी घेतात. विकायला त्या जात नाहीत. तिथे लाटणारी वेगळी, पीठ मळणारी वेगळी, विकणारे वेगळे. म्हणजे धंदा हे एक काम नाही. करणं, विकणं आणि हिशेब ठेवणं ही तीन कामं आहेत, आणि तिन्ही एकाच बाईला आली पाहिजेत असा काही नियम नाही.

आपल्या गटातही हेच बघा. एकीच्या हाताला चव आहे पण तोंडातून शब्द फुटत नाही. दुसरी बोलण्यात पटाईत, स्वारगेटला उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत चार गिऱ्हाइकं जोडेल, पण तिला चुलीपुढे बसवत नाही. तिसरी गटाची वही पैशा-पैशापर्यंत जुळवते. या तिघी वेगवेगळे तीन धंदे काढतील तर तिघीही अडचणीत येतील. एकत्र आल्या तर एक धंदा चालू शकेल. फक्त कामाची आणि पैशाची वाटणी पहिल्या दिवशी लिहून ठेवायची. मैत्री आहे म्हणून तोंडी ठेवायची नाही. मैत्री टिकावी म्हणून लिहायची.

आणि कुणाला यातलं काहीच नको असेल, महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा हवा असेल, तर तेही मनाला लावून घेऊ नका. 'उमेद'मध्ये बँक सखी, कृषी सखी, पशू सखी म्हणून काम करणाऱ्या बायका आहेत. शेजारणीच्या उद्योगात मजुरीने जाणाऱ्या आहेत. स्वतःच्या शेतातच भाजीचा वाफा वाढवून घरखर्च कमी करणाऱ्या आहेत. वाचलेला रुपया हा मिळवलेलाच रुपया असतो.

गटाने काय करायचं

शेवटचं, अध्यक्ष आणि सचिव ताईंना. पुढच्या बैठकीत कुणी धंद्यासाठी कर्ज मागितलं तर हे पाच प्रश्न तिला विचारा. अविश्वास म्हणून विचारायचे नाहीत. तिचा हप्ता थकला तर आपल्या सगळ्यांचा थकतो, म्हणून विचारायचे. तिची आठ आठवड्यांची वही बघायला मागा. वही नसेल तर आधी वही, मग कर्ज.

आणि एखादीने "मला नाही जमणार" म्हटलं, किंवा करून बघून थांबवलं, तर तिला टोमणा मारू नका. "बघा, मोठी शेठाणी व्हायला निघाली होती," हे वाक्य आपल्या गटात ऐकू आलं नाही पाहिजे. एकीला टोमणा बसला की पुढच्या दहा जणी खरं सांगत नाहीत. मग तोटा लपवतात, सावकाराकडून आणून हप्ता भरतात, आणि गटाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. थांबणाऱ्या बाईला आपल्या गटात मान असेल, तरच सुरू करणारी बाई निर्धास्तपणे सुरू करील.

पाच प्रश्न लिहून घेतलेत ना? पैसे मागता येतात का. तास किती आहेत. किती बुडालं तर चालेल. धंदा कुणाचा. तीनशे दिवस करवेल का. घरी गेल्यावर उत्तरं लिहा. कुणाला दाखवायची गरज नाही, फक्त खरी लिहा.

आता जेवणं तयार आहेत. लांबच्या ताईंना आधी बसू द्या, त्यांना परतीची एसटी गाठायची आहे.